दिवाळीच्या रोषणाईला कंट्रोलर कोणता घ्यावा? घरगुती, ६०० पिक्सेल, सांगली

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. यंदा दिवाळीत घराला पिक्सेलची रोषणाई करायची ठरवलंय. आजवर बाजारातल्या तयार माळा सोडायचो. आता प्रत्येक दिवा, म्हणजे पिक्सेल, स्वतंत्र रंगात चालवता येईल असं काहीतरी हवंय.

बंगला एकमजली. गॅलरीचा कठडा, समोरच्या दोन खिडक्या आणि फाटकावरची लोखंडी कमान एवढं सजवायचं आहे. टेप लावून मोजलं तर कठड्याला २५०, दोन्ही खिडक्यांना मिळून २०० आणि कमानीला १५०, असे ६०० पिक्सेल होतात. कंट्रोलर पोर्चमध्ये मीटरबोर्डाशेजारी बसवावा असं डोक्यात आहे. तिथून फाटक १४ मीटर.

गाडी अडलीय ती कंट्रोलरवर, म्हणजे कुठला दिवा कधी कुठल्या रंगात पेटेल ते सांगणाऱ्या बोर्डावर. गणपती पेठेत चौकशी केली तर एसडी कार्डवाला टी-८००० दाखवला. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, ती म्हणते ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड घ्या आणि त्यात डब्ल्यूएलईडी हे दिवे चालवायचं सॉफ्टवेअर टाका. अमेरिकेतल्या ख्रिसमसच्या घरांचे व्हिडिओ बघितले तर तिथं फाल्कनचे १६ पोर्टवाले (माळा जोडायच्या १६ जागा असलेले) बोर्ड दिसतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पंधरा मिनिटं गाण्यावर नाचणारे दिवे दाखवायची फार इच्छा आहे, गल्लीतली पोरं जमतील. बाकीचे दिवस साधे रंग बदलत राहिले तरी पुरे. तिन्हींतलं काय घेऊ?

गोडोलीचा तारजोड, सातारा

आकडे मोजून दिलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे नेमकं बोलता येईल.

माझं मत आधीच सांगतो. कंट्रोलर सगळ्यांत शेवटी ठरवा. पिक्सेल किती व्होल्टचे, कुठला भाग कुठल्या भागापासून किती लांब, आणि गाणं हवं की नको, या तीन गोष्टी ठरल्या की कंट्रोलरचा प्रश्न जवळजवळ सुटलेला असतो. ओळखीच्या घरांत मी उलटं होताना पाहिलंय. भारी बोर्ड आधी येतो, मग पैसे संपतात, आणि सप्लाय नि वायर हलकी घेतली जाते. रोषणाई बिघडते ती तिथंच.

आता १६ पोर्टचं बघू. डब्ल्यूएस२८११ किंवा डब्ल्यूएस२८१२बी या पिक्सेलमधल्या चिपांना एका पिक्सेलमागे २४ बिट पाठवावे लागतात आणि एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद लागतो. म्हणजे पिक्सेलला ३० मायक्रोसेकंद. तुमचे ६०० च्या ६०० एकाच ओळीत जोडले तरी १८ मिलिसेकंदांत सगळ्यांना नवा रंग पोचतो, सेकंदाला पन्नासहून जास्त वेळा. गाण्याचे कार्यक्रम बहुतेक लोक सेकंदाला २० किंवा ४० फ्रेमवर करतात. तेव्हा तुमचं काम एका पोर्टवरही भागतं. दोन-तीन पोर्ट हवेत ते वायरिंग सोपं व्हावं म्हणून. फाल्कन बोर्ड उत्तमच आहेत, पण ते हजारो पिक्सेलवाल्या घरांसाठी. शिवाय डॉलरमधली किंमत, वर पोस्टेज, वर कस्टम ड्युटी. तो पैसा तुम्ही दुसरीकडे लावावा.

एक विचारतो, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे: फाटकाच्या खांबांवर दिवे आहेत का?

मिरज मंडप

दादा, आम्ही मंडपाचं काम करतो, गणपती, नवरात्र, लग्न सगळं. टी-८००० ला नावं ठेवू नका. आठ पोर्ट, कार्ड घातलं की चालू. वायफाय नाही, पासवर्ड नाही, मोबाईल नाही. मंडळाचा पोरगा सुद्धा कार्ड बदलतोय. लाईट गेली आली तरी आपलं आपण परत सुरू. मिरवणुकीत जनरेटरवर चालवतोय आम्ही, हलत्या गाडीवर. तिथं तुमचं वायफायवालं चालवून दाखवा.

आणि दुरुस्तीचं बघा. दिवाळीत ऐन पाडव्याला बंद पडलं तर मिरजेत, सांगलीत दुसरा टी-८००० लगेच मिळतोय. तो फाल्कन का काय तो कुठनं आणणार?

गोडोलीचा तारजोड, सातारा

मिरजकर, तुमचं म्हणणं मला पटतं. मंडळाच्या कामाला, जिथे माणसं बदलतात आणि नेटवर्कचा भरवसा नसतो, तिथे एसडी कार्डवाला कंट्रोलरच योग्य. सांगली-मिरजेची गणपतीची कमान-आरास त्यावरच उभी आहे आणि ते काम करणाऱ्यांना हातखंडा आहे.

घरासाठी मात्र दोन अडचणी दिसतात. पहिली अशी की प्रत्येक बदलाला संगणकावर एलईडी एडिट हे सॉफ्टवेअर उघडा, नक्षी बनवा, कार्डावर उतरवा, कार्ड पोर्चमध्ये नेऊन घाला. वसुबारसेला ठेवलेला पिवळा रंग पाडव्याला बदलावासा वाटला तर एवढा सगळा खटाटोप. दुसरी अडचण गाण्याची. कार्डवरचा कार्यक्रम स्वतःच्या वेगाने पळतो, स्पीकरवरच्या गाण्याशी त्याचा काही धागा नसतो. सुरुवात एकदम केली तरी मिनिटा-दोन मिनिटांत ताल सुटायला लागतो, आणि ताल सुटलेला कार्यक्रम बघवत नाही.

एक पोर्टवाला टी-१००० एस घ्यायचा विचार असेल तर आणखी एक. त्यावर २०४८ पिक्सेल चालतात असं लिहिलेलं असतं. चालतात, पण वरच्याच हिशोबाने तेवढ्यांना ६१ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम १६ फ्रेम. हळू रंग बदलायला ठीक, पळत्या प्रकाशाला अडखळतं. हे गणित कुठल्याही कंट्रोलरला लागू आहे, नाव काहीही असो.

विश्रामबागकर

तारजोड साहेब, फाटकाच्या दोन्ही खांबांवर दिवे आहेत, बटण पोर्चमध्ये. पण त्याचा कंट्रोलरशी काय संबंध?

आणि पिक्सेल ५ व्होल्टचे घेऊ की १२? दुकानदार म्हणतो १२ ला करंट कमी लागतो.

गोडोलीचा तारजोड, सातारा

करंटची गोष्ट आधी, कारण इथे सगळीकडे गैरसमज आहे.

पट्टीवाल्या १२ व्होल्टमध्ये तीन-तीन एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात, तिथे करंट खरोखर वाचतो. पण मग तीन एलईडी मिळून एक पिक्सेल होतो. तुम्ही कठड्याला आणि कमानीला लावणार ते गोळीसारखे सुटे पिक्सेल. त्यात एकेक एलईडी असतो आणि जास्तीचे व्होल्ट रेझिस्टरमध्ये गरम होऊन जातात. म्हणजे ५ व्होल्टच्या गोळीला पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँप धरा आणि १२ व्होल्टच्या गोळीलाही साधारण तेवढेच. वॉट मात्र दुपटीहून जास्त. तुमच्या ६०० ला ५ व्होल्टवर १८० वॉट, १२ व्होल्टवर ४३२.

एवढं असूनही मी १२ व्होल्टच घ्या म्हणेन, आणि त्याचं कारण तुमचं १४ मीटरवरचं फाटक आहे. एक चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर मीटरला सुमारे १९.५ मिलिओहम अडथळा देते. जायचे १४ आणि यायचे १४, असे २८ मीटर धरले की अर्ध्या ओहमच्या वर. कमानीचे १५० पिक्सेल ३० टक्के उजेडावर चालवले तर २.७ अँपिअर. म्हणजे वाटेत जवळजवळ दीड व्होल्ट गळाले. बारातून दीड गेले तर साडेदहा उरतात, पिक्सेलला काही फरक पडत नाही. पाचातून दीड गेले तर साडेतीन उरतात. मग निळा एलईडी आधी दम तोडतो, पांढरा रंग पिवळट, नंतर तांबूस दिसू लागतो. मिरवणुकीत माळेच्या टोकाला असे तांबूस झालेले दिवे तुम्ही पाहिले असतील.

३० टक्के का, तर घराच्या रोषणाईला तेवढा उजेड भरपूर होतो. पूर्ण पांढरा डोळ्यात खुपतो, समोरच्या घरातल्यांनाही त्रास. ३० टक्क्यांवर तुमचं सगळं मिळून १३० वॉट, संध्याकाळी पाच तास चालवलं तर दिवसाला पाऊण युनिटसुद्धा होत नाही. घरात कुणी बिलाची काळजी करत असेल तर हा आकडा सांगा.

आता खांबांवरचे दिवे. तिथपर्यंत २३० व्होल्टची वायर आधीच गेलेली आहे. मग १२ व्होल्ट १४ मीटर ओढत न्यायचेच कशाला? फाटकाशी पाणी न शिरणारा छोटा डबा, त्यात १२ व्होल्टचा १५० वॉटचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ करून देणारा सप्लाय) आणि एक वेगळा ईएसपी३२. पोर्चमध्ये दुसरा ईएसपी३२, त्याला ३५० वॉटचा एसएमपीएस. दोन छोटे कंट्रोलर, दोन्ही आपापल्या पिक्सेलच्या जवळ. व्होल्टेजची गळती गेली आणि डेटाची लांब वायरही गेली. एक मोठा बोर्ड घेऊन घरभर वायरी फिरवण्यापेक्षा हे सुटसुटीत. म्हणूनच मी सुरुवातीला अंतरं विचारात घ्या म्हणालो.

शाहूपुरी सर्किट, सातारा

डेटाच्या वायरीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण घरगुती कामात सगळ्यात जास्त डोकं तिथंच खातं.

लक्षण असं असतं: पोर्चमध्ये टेबलावर सगळं झकास, भिंतीवर चढवलं की पहिला पिक्सेल फडफडतो. मध्येच हिरवा, मध्येच पांढरा, आणि त्याच्या मागची अख्खी माळ त्याच्याबरोबर भरकटते. लोक पिक्सेल बदलतात, सप्लाय बदलतात. दोष असतो डेटाच्या व्होल्टेजमध्ये. ईएसपी३२ च्या पिनेवर ३.३ व्होल्ट येतात. पिक्सेलची चिप ५ व्होल्टवर चालत असेल तर 'एक' ओळखायला तिला त्याच्या ०.७ पट, म्हणजे साडेतीन व्होल्ट लागतात. ३.३ ने बऱ्याचदा भागतं, टेबलावर तर भागतंच, पण वायर जरा लांबली की काठावरचा सिग्नल कोसळतो.

इलाज स्वस्त आहे. ७४एएचसीटी१२५ नावाची आयसी मध्ये टाका. ती ५ व्होल्टवर चालते, ३.३ चा सिग्नल आत घेते आणि ५ चा बाहेर देते. तिच्या आउटपुटला ३३ ते १०० ओहमचा रेझिस्टर ओळीत लावा. आयसी घेताना मधलं 'टी' अक्षर बघून घ्या, नुसती ७४एचसी१२५ ५ व्होल्टवर परत तोच साडेतीनचा हट्ट धरते. ज्यांना सोल्डरिंग नको त्यांनी आयसी आणि फ्यूज आधीच बसवलेला तयार ईएसपी३२ बोर्ड घ्यावा. क्विनएलईडीचे डिग-युनो आणि डिग-क्वाड याच धर्तीचे आहेत, बाहेरून मागवावे लागतात. तुमची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिला ठिपक्यांच्या बोर्डावर हे एका बैठकीत जमेल.

पोर्चपासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत किती अंतर आहे? चार-पाच मीटरपर्यंत हे पुरतं. त्याहून जास्त असेल तर पोर्चचा डबा सरळ वर गॅलरीत न्या.

आणखी एक गोष्ट कधी कामाला येईल म्हणून. मोठ्या बोर्डांना लांबच्या डेटासाठी डिफरेन्शियल रिसीव्हर मिळतात, ते नेटवर्कची साधी कॅट-५ केबल वापरतात आणि चार जोड्यांतून चार पोर्टचा डेटा नेतात. सॉकेट इंटरनेटसारखंच दिसतं, पण ते इंटरनेट नव्हे. राउटरमध्ये कधी खुपसू नका.

विश्रामबागकर

कठडा वरच्या मजल्याला नाही, पोर्चच्या डोक्यावरच आहे, वायरीने तीन मीटर. खिडक्या त्याहून जवळ. म्हणजे डबा पोर्चमध्येच राहू दे.

दोन ईएसपी३२ चं पटलं. मुलीने आजच एकावर डब्ल्यूएलईडी टाकून पन्नासची माळ लावून बघितली. दोन शंका. पूर्ण ब्राइटनेस ठेवला तरी उजेड मंदच येतो. आणि लाल निवडला की लाल येतो पण तिच्याकडच्या जुन्या पट्टीवर त्याच सेटिंगला हिरवा येतो. पिक्सेल खराब आहेत का?

शाहूपुरी सर्किट, सातारा

काहीच खराब नाही. डब्ल्यूएलईडीमध्ये करंटची मर्यादा आधीपासून ८५० मिलिअँपला बांधलेली असते, म्हणजे कुणी यूएसबीच्या चार्जरवर माळ लावली तरी चार्जर जळू नये. एलईडी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन प्रत्येक पिक्सेलला ६० मिलिअँप हा आकडा घाला आणि एकूण मर्यादा तुमच्या सप्लायप्रमाणे ठेवा. ३५० वॉटचा १२ व्होल्टचा सप्लाय २९ अँपिअरचा असतो. २० ठेवा, तो थंड राहील. फाटकाच्या १५० वॉटवाल्याला ८ ठेवा. ही मर्यादा काढून टाकू नका. पाहुण्यांतल्या एखाद्या लहान मुलाने मोबाईलवर सगळं पांढरं केलं तरी सप्लाय वाचतो तो तिच्यामुळे.

रंगाचं म्हणाल तर डब्ल्यूएस२८११ च्या गोळ्यांत क्रम लाल-हिरवा-निळा असतो, डब्ल्यूएस२८१२बी च्या पट्टीत हिरवा आधी येतो. त्याच पानावर क्रम बदलता येतो.

कृष्णाकाठ, सांगली

गाण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे हे सगळं गाण्यावर चालतं, त्यामुळे अनुभवाचं सांगते.

त्याला एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसतं पाय म्हणते) लागेल आणि त्यावर फाल्कन प्लेअर हे गाणं आणि दिवे एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. नाव फाल्कन असलं तरी त्यासाठी फाल्कनचा बोर्ड घ्यावा लागत नाही, सॉफ्टवेअर फुकट आहे. पाय ३बी प्लस किंवा ४ घ्या, त्यांना स्पीकरची गोल पिन आहे. पाय ५ ला आणि झीरोला ती नाही, वेगळं साउंड कार्ड लागतं. दिव्यांची मांडणी आणि ताल बसवायचा तो एक्सलाइट्समध्ये, तेही फुकट. गाणं आणि दिवे एकाच पायवरून सुटतात म्हणून ताल सुटत नाही.

यात खरा वेळ जातो तो बसवण्यात. तीन मिनिटांच्या गाण्याला कित्येक संध्याकाळी लागतात, प्रत्येक ठेक्याला खूण करायची, मग कुठला भाग कधी पेटेल ते ठरवायचं. तुम्ही पंधरा मिनिटं म्हणताय. पहिल्या वर्षी दोन गाणी घ्या आणि ती मनासारखी करा. ढोल-ताशाचा तुकडा घेतलात तर ठेका स्पष्ट असतो, खूण करायला सोपा जातो. सनई-चौघड्याला उलट हळू सरकणारे रंग शोभतात, तिथं ठेक्याच्या मागं लागूच नका.

स्पीकरची वेळ पाळा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर चालत नाही. लक्ष्मीपूजन झाल्यावर आठच्या सुमारास केलंत तर पोरंही जागी असतात.

गोडोलीचा तारजोड, सातारा

ताईंनी नेमकं लिहिलंय. नेटवर्कबद्दल एवढीच भर घालतो.

पायकडून ईएसपी३२ कडे डेटा वायफायवरून जाणार. ई१.३१ या डेटा पाठवायच्या पद्धतीत एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे ५१२ चॅनेलच्या गटात, १७० पिक्सेल मावतात, कारण एका पिक्सेलला तीन रंगांचे तीन चॅनेल लागतात. ६०० ला चार युनिव्हर्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमला चार पाकिटं. डीडीपी पद्धतीत एका पाकिटात ४८० पिक्सेल जातात. पोर्चच्या ४५० ला एक, फाटकाच्या १५० ला एक. फाल्कन प्लेअर आणि डब्ल्यूएलईडी दोघांनाही डीडीपी येतं, तेच निवडा.

ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि विश्रामबागेत प्रत्येक घरातला राउटर त्याच पट्ट्यात आहे. म्हणून पाय तरी राउटरला केबलने जोडा, म्हणजे हवेतला अर्धा प्रवास वाचतो. राउटर पोर्चच्या जवळच्या खोलीत आणता आला तर आणा. इतकं करूनही फाटक अडखळलं, तर फाटकाच्या ईएसपी३२ ला एसडी कार्डचा मोड्यूल जोडून त्यावर डब्ल्यूएलईडीऐवजी ईएसपिक्सेलस्टिक हे सॉफ्टवेअर टाका. त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून कार्यक्रम कार्डवरच राहतो आणि पाय फक्त वेळ जुळवत राहतो. मिरजकरांच्या कार्डाचा भरवसा आणि गाण्याचा ताल, दोन्ही मिळतात.

मिरज मंडप

हे कार्डवालं आवडलं. बघतो एकदा करून.

पण लाईट गेली तर काय करताय? ते सांगा. आमच्या कंट्रोलरला घड्याळ लागतच नाही.

कृष्णाकाठ, सांगली

महत्त्वाचं विचारलंत. लाईट येते तेव्हा ईएसपी३२ दोन-तीन सेकंदांत जागा होतो, राउटरला त्याहून बराच वेळ लागतो. म्हणून डब्ल्यूएलईडीमध्ये 'सुरू होताना हा प्रीसेट लाव' ही सोय आहे ती भरून ठेवा. मग राउटर येवो न येवो, घर अंधारात राहत नाही, ठरवलेला रंग लागतो.

वेळापत्रकाचं वेगळं. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत स्वतःचं चालू राहणारं घड्याळ नसतं, वेळ इंटरनेटवरून येते. ऐन सातला लाईट गेली आणि नेट परत आलं नाही तर पायला वाटतं अजून दुपारच आहे. डीएस३२३१ चं छोटं घड्याळ मिळतं, नाण्यासारख्या सेलवर चालतं. ते लावलं की हा प्रश्न मिटतो. राउटर आणि पाय दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवलेत तर आणखी उत्तम.

वायरमन काका, सांगली

सगळं वाचलं. पोरं हुशार आहेत. पण खांबावरच्या दिव्याच्या वायरवर एसएमपीएस लावायच्या आधी माझं ऐका.

जुन्या बंगल्यांत फाटकाच्या दिव्याला दोनच तारा टाकलेल्या असतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थिंग नसतं. पत्र्याच्या खोक्यातला एसएमपीएस अर्थिंगशिवाय लोखंडी कमानीजवळ ठेवायचा नाही, म्हणजे नाहीच. दिव्याचं होल्डर उघडून तिसरी तार आहे का बघा. नसेल तर दीड चौरस मिलिमीटरची तीन कोअरची केबल नवी टाका, पाइपातून. आणि या सगळ्याला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की लाईन तोडणारा स्विच) पाहिजे. फाटकाला ओल्या हाताने, अनवाणी लहान मुलं हात लावतात. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी. त्याचं टेस्टचं बटण दाबून खात्री करा, नुसता बसवलाय यावर जाऊ नका.

दिवाळीत आपल्याकडं परतीचा पाऊस हमखास एखाद्या संध्याकाळी गाठतो. डबा आयपी६५ चा, म्हणजे धूळ-पाणी न शिरणारा घ्या, वायरी खालच्या बाजूने ग्लँडमधून (वायर घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत घ्या. वायर डब्याच्या खाली थोडी लोंबू द्या आणि मग वर वळवून आत न्या, पाणी वळणावरून खाली टपकतं. भोकं बुजवायला सिलिकॉन लावताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते तांबं खातं, महिन्याभरात जोड हिरवा पडतो. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा. माळांना येतात ते तीन पिनांचे प्लास्टिकचे जोड पाण्याचे नसतात, त्यांच्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा. डब्यात पाल शिरली तरी शॉर्ट होतो, म्हणून एकही ग्लँड रिकामा उघडा ठेवू नका.

विश्रामबागकर

काका, होल्डर उघडलं. तुम्ही म्हणालात तसंच आहे, दोनच तारा. तीन कोअरची केबल आणि आरसीसीबीचं काम आमच्या वायरमनला सांगितलं, पुढच्या आठवड्यात करतोय.

बाकीचं असं ठरवलंय. १२ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८११ गोळ्या. पोर्चमध्ये एक ईएसपी३२, ७४एएचसीटी१२५ सह, त्याचे दोन आउटपुट: एकावर कठडा, दुसऱ्यावर खिडक्या. फाटकाला दुसरा ईएसपी३२. घरात पाय ४, घड्याळासह, केबलने राउटरला. टी-८००० घेत नाही. वाचलेल्या पैशांतून दोन्ही डबे चांगले घेतो.

कठड्याच्या २५० ला वीज किती ठिकाणी द्यावी? आणि दोन्ही सप्लाय एकमेकांना जोडायचे का?

गोडोलीचा तारजोड, सातारा

निवड चोख आहे. दोन सप्लाय दोन वेगळ्या डब्यांत, वेगळ्या कंट्रोलरवर आहेत, त्यामुळे त्यांच्यात १२ व्होल्टची एकही तार न्यायची गरज नाही. पुढे कधी एकाच माळेवर दोन सप्लाय आले, तर प्लसची तार जिथे सप्लाय बदलतो तिथे तोडायची आणि मायनस सगळीकडे एकच ठेवायची.

कठड्याला सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीन ठिकाणी वीज द्या. माळेची स्वतःची वायर बारीक असते, तिच्या भरवशावर अडीचशे पिक्सेल नकोत. पोर्चपासून मधल्या आणि टोकाच्या जागेपर्यंत दीडची वायर न्या. प्रत्येक फांदीला गाडीत असतो तसा ब्लेड फ्यूज लावा, ५ अँपिअरचा. ३० टक्के उजेडाला कठड्याचे साडेचार अँपिअर तीन वाटांनी येणार, त्यामुळे फ्यूज विनाकारण उडणार नाही, आणि कुठे पाणी जाऊन शॉर्ट झालं तर फ्यूज उडून वायर वाचेल. सगळं लागल्यावर ठरवलेल्या उजेडाला पांढरा रंग ठेवून मल्टिमीटरने शेवटच्या पिक्सेलवर व्होल्ट मोजा. साडेदहाच्या वर असले की पुरे.

मिरज मंडप

दादा, माळा भिंतीवर चढवायच्या आधी जमिनीवर पसरून, सगळ्या जोडून, एक अख्खी रात्र चालू ठेवा. कच्चे पिक्सेल पहिल्या रात्रीतच मरतात. आणि दहा-वीस गोळ्या जास्तीच्या त्याच लॉटमधल्या घेऊन ठेवा. दुसऱ्या लॉटच्या गोळीचा पांढरा वेगळा दिसतोय, कठड्यावर लांबनं ओळखू येतो.

माळेवर बाण असतोय तो बघून लावा. डेटा बाणाच्या दिशेनंच जातोय. कमान चढवायला माणूस पाहिजे असला तर सांगा, आमची शिडी आणि दोन पोरं धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मोकळी आहेत. तेवढ्यात ते कार्डवालं ईएसपी पण बघून जातो.